दात काढून तारा की न काढता अलाइनर? आधी जागेचा हिशेब मांडा

विचारलेलं थोडक्यात असं: मुलगी १३ वर्षांची. वरचे पटाशीचे दात पुढे आलेत, बाकीचे दातावर दात चढलेत. एका ऑर्थोडॉन्टिस्टनी (दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांनी) चार उपदाढा (सुळा आणि दाढ यांमधले दात) काढून मेटलच्या तारा सुचवल्या. दुसरीकडे सांगितलं, ‘एकही दात न काढता अलाइनर (दातांवर बसणारे, काढता-घालता येणारे पारदर्शक साचे) लावू, कुणाला दिसणारही नाही, वर्षभरात काम होईल.’ खर्चात अडीच पट फरक. कुठलं घ्यावं, घेतल्यावर दोन वर्षं कशी निभवायची, आणि आईचं वय ४१, तिचेही दात वेडेवाकडे आहेत, तर आता करता येईल का?

तारा की अलाइनर हा वाद नंतरचा. दोन डॉक्टरांच्या सल्ल्यांत खरा फरक आहे तो जागा कुठून आणायची याचा. वाकडा दात रांगेत बसवायला जागा लागते, पुढे आलेला दात मागे न्यायलाही लागते. ती मिळवायचे मार्ग मोजके आहेत: दात काढणं, दातांच्या कडा किंचित घासणं, कमान रुंद करणं, दाढा मागे सरकवणं, नाहीतर पुढचे दात आणखी पुढे कलवणं. तारेसाठी एक गणित आणि अलाइनरसाठी दुसरं, असं नसतं.

नमुन्यादाखल आकडे घेऊ. वरच्या कमानीत ४ मिमी गर्दी आहे आणि वरचे पटाशीचे दात खालच्यांच्या ८ मिमी पुढे आहेत. दोन्ही बाजूंची पहिली उपदाढ काढली तर प्रत्येकी साधारण ७, म्हणजे १४ मिमी जागा झाली. त्यातले ४ गर्दी सोडवण्यात गेले, उरले १०. आता पुढचे दात मागे ओढायचे तर मागच्या दाढांचा आधार घ्यावा लागतो, आणि त्या दाढाही ओढीने थोड्या पुढे येतातच. प्रत्येक बाजूला दीड मिमी धरा, उरले ७. पुढचे दात १ मिमी मागे न्यायला दोन्ही बाजूंची मिळून २ मिमी जागा खर्च होते. म्हणजे ते साडेतीन मिमी मागे जाणार, ८ चे साडेचार होणार. २ ते ३ मिमी अंतर नॉर्मल मानतात, तिथवर अजूनही पोचलो नाही. अशा वेळी हिरडीतून हाडात मिनी स्क्रू बसवतात. त्यांचा आधार घेतला की दाढा जागच्या जागी राहतात, सगळी १० मिमी जागा पुढच्या दातांना मिळते आणि अंतर ३ मिमीवर येतं.

हेच दात न काढता करून पाहू. कडा घासणं दोन दातांच्या मध्ये दोन्ही कडा मिळून अर्ध्या मिमीच्या वर नेत नाहीत, बहुतेकदा ०.२ ते ०.३ मिमीच. दहा दातांमध्ये नऊ सांधे, ०.३ ने २.७ मिमी. कमान उपदाढांपाशी ३ मिमी रुंद केली तर परिघात सुमारे २ मिमीची भर पडते. झाले ४.७. गर्दीचे ४ वजा केले की हातात पाऊण मिमीही राहत नाही, आणि ८ मिमी पुढे असलेले दात जवळपास तिथेच. संगणकावरच्या ॲनिमेशनमध्ये मात्र ते छान मागे गेलेले दिसतात, कारण स्क्रीनवरच्या दाताला ना हाड असतं ना हिरडी.

तुमच्या मुलीचे आकडे वेगळे असतील, आणि दात न काढण्याचा सल्ला बरोबरही असू शकेल. गर्दी ३–४ मिमीचीच आहे, तोंड मिटताना ओठ सहज जुळतात, बाजूने पाहता ओठ पुढे वाटत नाहीत, अशा चेहऱ्यात चार दात काढणं हीच चूक ठरेल. उलट ओठ मिटायला जोर लावावा लागतो, तसं करताना हनुवटीच्या कातडीवर खड्डे पडतात, वरचे दात खालच्या ओठावर टेकलेले असतात, तर बिनाकाढता उपचार म्हणजे सरळ पण आणखी पुढे आलेले दात. दोन्ही डॉक्टरांना एकच विचारा: वर आणि खाली किती मिमी जागा हवी, ती कुठून येणार, आणि शेवटी पटाशीचे दात चेहऱ्याच्या मानाने कुठे असतील? आकड्यांत उत्तर देणाऱ्याने विचार केलाय असं समजा. ‘आमचं तंत्र नवीन आहे’ हे उत्तर नव्हे.

हे आकडे नुसतं तोंडात पाहून येत नाहीत. ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे), सेफॅलोग्राम (डोक्याचा बाजूने घेतलेला एक्स-रे), दातांचे साचे किंवा स्कॅन, चेहऱ्याचे समोरून, बाजूने आणि हसताना काढलेले फोटो, एवढं झाल्यावरच योजना ठरते. ओपीजीत हाडात अडकलेला सुळा, जन्मतः नसलेला दात, आखूड मुळं दिसतात. यातलं काही दिसलं की कुठला दात काढायचा तो निर्णयही बदलतो. नोंदींची प्रत मागून घ्या, दुसऱ्या सल्ल्याला तीच नेता येते.

१३ हे वय इथे आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे. ‘वरचे दात पुढे आलेत’ म्हणून येणाऱ्या अनेक मुलांत खालचा जबडा मागे राहिलेला असतो. वाढ चालू असताना ट्विन ब्लॉकसारखं (खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं) उपकरण ८–१२ महिने नेमाने घातलं तर त्यातलं बरंच अंतर कमी होतं. मुलींमध्ये उंचीची झपाट्याची वाढ पाळी सुरू होण्याच्या आधीच होऊन जाते. त्यामुळे पाळी येऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल तर या मार्गाने फारसं काही हाती लागणार नाही. सेफॅलोग्राममध्ये मानेच्या मणक्यांच्या आकारावरूनही किती वाढ शिल्लक आहे ते कळतं, जरूर विचारा. मुलांना वेळ जरा जास्त मिळतो. वरचे दात खालच्यांच्या आत बसत असतील तर मात्र १३ पर्यंत थांबायचंच नसतं, सातव्या-आठव्या वर्षीच दाखवायला हवं.

उपदाढ काढल्याने नजर अधू होते, ही आजीची भीती घरोघरी ऐकू येते. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. काहीही होत नाही. काढलेल्या जागेची फटही राहत नाही, ती पूर्ण मिटवणं हाच उपचाराचा भाग असतो. ‘गाल बसतात’ हे सरसकट खरं नाही, पण मुळातच पातळ ओठांच्या, सपाट चेहऱ्यात दात जास्त मागे नेले तर चेहरा खरंच ओढल्यासारखा दिसतो. बाजूचा फोटो आणि सेफॅलोग्राम यासाठीच लागतात. आणि अक्कलदाढेच्या रेट्याने पुढचे दात वाकडे होतात या समजुतीपायी चांगल्या अक्कलदाढा काढायला लावू नका.

आता उपकरण. चार उपदाढा काढायच्या ठरल्या तर १३ वर्षांच्या मुलीला मी मेटलच्या ताराच सुचवेन. मूळ आणि माथा दोन्ही समांतर ठेवून दात ६–७ मिमी सरकवणं तारेला जमतं. अलाइनरमध्ये तो दात फटीत कलंडायला पाहतो, मग रिफाइनमेंटचे, म्हणजे राहिलेली दुरुस्ती करायचे जादा सेट वाढत जातात. अलाइनर पुढच्या दातांची थोडी गर्दी, फटी, पूर्वी तारा लावून परत वाकडे झालेले दात, यांत उत्तम चालतो. गोलसर उपदाढ किंवा सुळा जागेवर फिरवणं आणि दात हिरडीतून खाली ओढणं ही त्याची कच्ची बाजू. एक अलाइनर एका दाताला साधारण पाव मिमी हलवतो आणि तो दिवसाचे २०–२२ तास तोंडात हवा. शाळेचा डबा, मधली सुट्टी, चहा, वाढदिवस यांत तो टिश्यूत गुंडाळून ठेवला की थेट कचऱ्यात जातो. मुलगी शिस्तीची असेल तर गोष्ट वेगळी, पण ते आईने ठरवावं, विक्रेत्याने नव्हे.

ब्रॅकेट म्हणजे दातावर चिकटवलेला, तार धरणारा लहान तुकडा. सिरॅमिक ब्रॅकेट दिसायला बरे, पण ठिसूळ. वरचे दात खालच्यांना खोलवर झाकत असतील तर खालच्या दातांवर सिरॅमिक नको, त्यावर घासून वरच्या दातांचं इनॅमल झिजतं. सेल्फ-लायगेटिंग (रबराच्या रिंगेशिवाय स्वतःच तार धरणाऱ्या) ब्रॅकेटने उपचार महिन्यांनी लवकर संपतात असं सांगतात, अभ्यासांतून तसा ठोस फरक दिसलेला नाही. आतून लावायच्या तारांत जीभ सोलवटते, बोलणं काही आठवडे बोबडं होतं, खर्चही मोठा.

‘वर्षभरात’ या शब्दावर जरा थांबा. जागेत दात महिन्याला जेमतेम १ मिमी सरकतो. गर्दी सोडवायला ४–६ महिने, ७ मिमीची जागा मिटवायला ७–१० महिने, शेवटची जुळणी ४–६ महिने. दात काढलेल्या केसला दीड ते दोन वर्षं लागणारच. जास्त आवळलं म्हणून लवकर होत नाही. उलट जोर फार झाला की दात आणि हाड यांमधल्या पडद्याचा रक्तपुरवठा थांबतो, त्या जागी पेशी मरतात, दात दोन-तीन आठवडे हलतच नाही आणि मुळाचं टोक झिजायचा धोका वाढतो. पहिली तार ०.०१४ इंचाची, निकेल-टायटॅनियमची, केसासारखी बारीक असते ती याचसाठी. जाड चौकोनी स्टीलची तार जागा मिटवायच्या टप्प्यावर येते.

कोणाकडे करावं? बीडीएसनंतर तीन वर्षांचं ऑर्थोडॉन्टिक्समधलं एमडीएस केलेल्याकडे. ‘आमच्याकडे महिन्यातून एकदा सर येतात’ अशा ठिकाणी योजना कोणाची, तार कोण बदलणार, मध्ये ब्रॅकेट निघाला तर कोण बघणार, हे आधी विचारा. खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय हे पर्याय आहेत. तिथे एमडीएसचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. प्रतीक्षायादी असते, रजा काढावी लागते, आणि विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम संपला की केस पुढच्याकडे जाते. म्हणून प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याकडे केस लागली तर बरं. खासगीत एकूण रकमेत एक्स-रे, दात काढणं, मिनी स्क्रू, निघालेले ब्रॅकेट, रिफाइनमेंट आणि वरचा-खालचा रिटेनर (उपचारानंतर दात जागेवर धरून ठेवणारं साधन) धरलेत का, हे कागदावर घ्या.

घरी किट मागवून स्वतःच साचा घेऊन मिळणारे अलाइनर घेऊ नका. एक्स-रे नाही, हिरड्या कोणी पाहिलेल्या नाहीत. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि उपचार अर्धवट झालेले लोक तसेच राहिले. दुसरा ‘झटपट’ मार्ग गल्लोगल्ली मिळतो: चांगले दात घासून, रूट कॅनल करून, त्यावर सरळ रांगेत कॅप. लग्न ठरलेल्या मुलींना हा हमखास सुचवला जातो. घासलेलं इनॅमल परत येत नाही आणि त्या कॅप पुढे आयुष्यभर बदलत राहाव्या लागतात.

आता निभावण्याबद्दल. तारा बसवल्यावर चार-सहा तासांनी ठणका सुरू होतो, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो, आठवड्यात ओसरतो. पॅरासिटॅमॉल पुरतं, डोस वयाप्रमाणे डॉक्टरांना विचारून. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या वरचेवर नकोत, दात ज्या प्रक्रियेने सरकतो तिलाच त्या आवर घालतात. पहिले चार दिवस मऊ भात, खिचडी, उपमा, आमटीत कुस्करलेली पोळी. गालाला ब्रॅकेट टोचला तर वॅक्स (ब्रॅकेटवर दाबायचं मऊ मेण) लावायचं, पण ब्रॅकेट कापसाने आधी कोरडा करून. ओल्यावर वॅक्स टिकत नाही, आणि ‘वॅक्सचा उपयोग होत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

खाण्यात बंदी कडकपणावर आणि चिकटपणावर. चिक्की, तिळाच्या वड्या, कडक बुंदीचा लाडू, चकली, फुटाणे, खारीक, ऊस, बोरं, मटणाची नळी, बर्फ आणि जेलीच्या गोळ्या नकोत. सफरचंद, पेरू, गाजर फोडी करून मागच्या दातांनी. कणसाचे दाणे काढून. भाकरी चालते, पण गरम आणि ताकात किंवा कालवणात भिजवून; थंड भाकरीच्या कडेने खालच्या दाढेचा ब्रॅकेट निघतो. संक्रांत आणि दिवाळीच्या पुढच्या आठवड्यात ब्रॅकेट निघालेल्यांची रांग लागते, तेव्हा फराळात करंजी, शंकरपाळे मऊसर करा आणि चकली मोडून दुधात बुडवा, चव गेली तरी चालेल. आणि हळद: सिरॅमिकवर पारदर्शक रबराच्या रिंगा लावल्या तर वरणभाताच्या दोन जेवणांत त्या पिवळ्याधमक होतात. त्याऐवजी करड्या रंगाच्या मागा किंवा बारीक तारेने बांधून घ्या. अलाइनर तोंडात ठेवून चहा घेतला तर तोही असाच रंगतो.

घासणं हा उपचाराचा निम्मा भाग आहे. ब्रश दोनदा धरायचा: एकदा ब्रॅकेटच्या वर हिरडीकडे तिरका, एकदा खालून वर तिरका. प्रत्येक दाताला आठ-दहा फेऱ्या. मग तारेखालून लहान इंटरडेंटल (दातांच्या फटीत जाणारा) ब्रश. एकूण चार-पाच मिनिटं, रात्रीचं कधीच चुकवायचं नाही. पेस्ट १००० पीपीएम फ्लोराइडची घ्या. आपल्याकडे टूथपेस्टला तीच कमाल मर्यादा आहे. ‘हर्बल, बिनफ्लोराइड’ या काळात नको. घासून झाल्यावर खूप चुळा भरू नका, थुंकून टाका. ब्रॅकेटच्या भोवती खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर तिथलं इनॅमल विरघळायला लागलंय. हे महिन्याभरातही होतं आणि तारा काढल्यावर प्रत्येक ब्रॅकेटची चौकट दातावर कायमची उमटते. चंद्रपूर, यवतमाळसारख्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या भागात वाढलेल्या मुलांचे दात मुळात डागाळलेले असतात आणि त्यांवर ब्रॅकेट नीट चिकटत नाही. डॉक्टरांना आधीच सांगा, चिकटवण्याची पद्धत थोडी बदलावी लागते.

तार मागून टोचायला लागली तर पेन्सिलच्या रबराच्या टोकाने आत वळवा, नाहीतर वॅक्स. परगावी असाल आणि काहीच जमेना तर स्पिरिटने पुसलेल्या नेलकटरने टोक कापा, तुकडा घशात जाणार नाही असं खाली वाकून. ब्रॅकेट सुटून तारेवर फिरत असेल तर दुखत नाही म्हणून पुढच्या महिन्यावर टाकू नका. तो दात तेवढे दिवस एकतर हलत नाही, नाहीतर भलतीकडे फिरतो. दर दोन महिन्यांनी एक ब्रॅकेट पाडणाऱ्याचा उपचार सहज सहा महिने लांबतो.

रबर बँड दिले की मुलं खरी कंटाळतात. वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत लावायचे, जेवण आणि ब्रश सोडून दिवसभर, रोज नवे, कारण चोवीस तासांत त्यांची ओढ मरते. दिवसा काढून रात्री दोन-दोन एकदम लावणं म्हणजे वर सांगितलेल्या जास्त जोराचाच प्रकार. पाकिटावरचा आकार आणि औंस (ओढीचा जोर) लिहून ठेवा, औषधाच्या दुकानातले दुसरे चालत नाहीत. कबड्डी, बास्केटबॉल खेळत असेल तर तारांवर बसणारा माउथगार्ड हवा. डोक्याचा एमआरआय करायची वेळ आली तर तारांची कल्पना द्या, धातूमुळे चित्र बिघडतं.

आईसाठी: ४१ व्या वर्षीही दात हलतात, वयाची अट नाही. अट आहे हिरड्यांची. रक्त येतं, दात हलतात, फटी नव्याने पडल्यात, तर आधी हिरड्यांचे उपचार आणि त्या शांत झाल्यावरच तारा. सुजलेल्या हिरडीत दात सरकवला तर हाड आणखी खाली जातं. मशेरी, तंबाखू बंद. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी, आणि हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. गर्दी थोडीच असेल तर अलाइनर इथे शोभतो. जबड्याची वाढ मात्र आता होत नाही. जबड्यातच मोठा फरक असेल तर नुसत्या तारांनी तो झाकता येतो, दुरुस्त होत नाही.

आणि रिटेनर. कोटेशनमध्ये ज्याचा उल्लेख सर्वांत बारीक अक्षरात असतो, त्यावर बाकीच्या सगळ्या पैशांचं भवितव्य ठरतं. तारा काढल्या त्या दिवशी दात सरळ असतात, पण हिरडीतले धागे जुन्या जागेकडे ओढत असतात आणि ते नव्या जागी रुळायला वर्षभर लागतं. जे दात जागच्या जागी पिळलेले होते ते सर्वांत आधी परततात. खालच्या सहा दातांच्या मागे बारीक तार चिकटवून घ्या, वरती पारदर्शक रिटेनर. पहिले सहा महिने ते वर्षभर जवळपास पूर्ण वेळ, नंतर रोज रात्री, आणि दात सरळ राहावेत असं वाटतंय तोवर. चिकटवलेली तार एकाच दातावर सुटली तरी कळत नाही, बाकी पाच दात तिला धरून ठेवतात आणि सुटलेला एकटा फिरतो. महिन्यातून एकदा आरशासमोर नखाने प्रत्येक दातापाशी चाचपून बघायचं. पारदर्शक रिटेनर साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायचा. गरम पाण्यात टाकला की आकार बदलतो आणि दुसऱ्या रात्री बसतच नाही. घट्ट वाटायला लागला तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे. तारा काढताना शेवटचा स्कॅन किंवा साचा जपून ठेवायला सांगा: रिटेनर हरवला तर त्यावरून दोन-तीन दिवसांत नवा करता येतो, आणि तेवढ्या दिवसांत दात फारसे हललेले नसतात.